‘तू ॲडमिशन मिळव, पैशाचं आम्ही बघतो’

[या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.]

मागचे दोन भाग कॉलेजच्या अर्जांवर झाले. निबंध कसा लिहायचा, शिफारसपत्रं कुणाकडून घ्यायची वगैरे. ते ऐकून बऱ्याच जणींनी एकच विचारलं, की पैशाचं काय? फायनान्शियल एडबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. खरं सांगू का, टाळत होते. कारण त्यावर बोलायचं म्हणजे आमच्या घरातले २०२४ सालचे मार्च, एप्रिल, मे बाहेर काढायला लागतात. लेकीला विचारलं, बोलू का? ती म्हणाली, "बोल, पण मला बिचारी करू नकोस." ठीक आहे. रडले मी होते, ती नाही, हे आधीच सांगून टाकते.

तर आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा आयटीत, मी एका डेंटिस्टकडे बिलिंगचं काम बघते. ग्रीन कार्ड आहे, दोन्ही मुलं इथेच जन्मलेली. लेक आठवीत गेल्यापासून आम्ही दोघं तिला एक वाक्य सांगत आलो. तू फक्त ॲडमिशन मिळव, पैशाचं आम्ही बघतो. तुमच्याही घरात हे वाक्य असेल. आम्हाला ते आमच्या आईवडिलांकडून मिळालं. पण त्यांच्या तोंडी ते खरं होतं, हे लक्षात घ्या. माझे वडील, आप्पा, सांगलीला एस.टी.त कारकून होते. सरकारी कॉलेजची फी किती हे त्यांना आधीच माहीत होतं. ती जड होती, पण आकडा समोर होता. सोसायटीतून कर्ज काढायचं की आईची पाटली मोडायची, एवढाच प्रश्न होता.

मला ईबीसीची सवलत मिळाली नव्हती. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागायचा. आप्पांचा पगार मर्यादेच्या थोडासा वर गेला होता. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. मी ती यादी तीनदा वाचली होती, खालून वर सुद्धा. आप्पा म्हणाले, "असू दे, आपण गरीब नाही असं सरकारने लिहून दिलं." आणि हसले. हे मी का सांगतेय, कारण त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी मी परत तशीच यादी वाचत बसले होते, फक्त फोनवर.

आता ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फाफ्सा नावाचा केंद्र सरकारचा फॉर्म असतो. तो भरला की तुमच्या उत्पन्नावरून आणि शिलकीवरून एक आकडा निघतो. आधी त्याला ईएफसी म्हणायचे, २०२४-२५ पासून एसएआय म्हणतात. तुम्ही किती भार उचलू शकाल याचा तो सरकारी अंदाज. कॉलेजचा पूर्ण खर्च वजा हा आकडा, म्हणजे तुमची ‘गरज’. ती गरज भागवायची की नाही, किती भागवायची, हे कॉलेज ठरवतं. बरीच खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म मागतात, तो जास्त खोलात जातो. फाफ्साला तुमच्या राहत्या घराशी देणंघेणं नसतं, पण प्रोफाइल मागणारी अनेक कॉलेजं घरात किती पैसा अडकलाय तेही मोजतात. घराची वीट विकून फी भरता येत नाही, पण ते असो.

एक मोठी मेख आहे. फॉर्म दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवर चालतो. २०२४ च्या फॉलला कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी २०२२ चं उत्पन्न. आमचं २०२२ उत्तम गेलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली. सकाळी नऊला मीटिंग, साडेनऊला लॅपटॉप बंद. मुलीला आम्ही दहा दिवस सांगितलं नव्हतं. का? तिचं सीनियर इयर सुरू होत होतं, निबंध लिहायचे होते, तिच्या डोक्यावर ताण नको. आणि सांगितलं तेव्हाही काय सांगितलं, तर बाबाला मिळेल दुसरी, तू तुझं बघ.

आणि नेमकं त्याच वर्षी फाफ्साचं तंत्र कोलमडलं. एरवी फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो. त्या वर्षी नवा, ‘सोपा’ केलेला फॉर्म येणार म्हणून थांबा, थांबा, आणि तो उघडला ३० डिसेंबर २०२३ ला. तोही थोडा वेळ चालू, मग बंद. मुलीचं वेगळं खातं, आईवडिलांचं वेगळं खातं, प्रत्येकाने टॅक्सची माहिती घ्यायला वेगळी संमती द्यायची. आमच्याकडे दोघं दोन खोल्यांत बसून एकमेकांना ओरडून कोड सांगत होते. जानेवारीत एकदाचं झालं. आमचा एसएआय आला ४३,००० च्या आसपास. म्हणजे सरकारच्या हिशेबाने वर्षाला एवढे पैसे आम्ही घालू शकत होतो. त्या महिन्यात घरात माझा पगार आणि बेकारीभत्ता एवढंच येत होतं.

मग कळलं की सरकारच्या सूत्रात महागाईचा समायोजनच राहून गेलाय. ते दुरुस्त करायचं म्हणून सगळ्यांचीच माहिती कॉलेजांकडे जायला मार्चचा मध्य उजाडला. त्यातही पुन्हा दोन लाखांच्या आसपास अर्जांची आकडेमोड चुकीची गेल्याचं मार्चअखेरीस जाहीर झालं. कॉलेजांच्या हातातच काही नव्हतं, तर ती पत्रं कुठून पाठवणार? एरवी मार्चअखेर ॲडमिशनचं पत्र आणि पैशाचं पत्र साधारण बरोबर येतं. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवता आणि १ मेपर्यंत ठरवता. त्या वर्षी हजारो घरांत पहिलं पत्र आलं आणि दुसरं आलंच नाही.

आमच्याकडे पहिलं आलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. तिचं सगळ्यात आवडतं कॉलेज, खासगी, मॅसॅच्युसेट्समधलं. नाव घेत नाही. संध्याकाळी सात वाजता पोर्टल उघडलं, स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले. ती किंचाळली, धाकटा पायऱ्यांवरून पडता पडता राहिला. मी श्रीखंडाचा डबा काढला. रात्री आप्पांना फोन, तिकडे सकाळ. मग मंडळाच्या ग्रुपवर, मग नणंदेला, मग शेजारच्या गुजराती काकूंना. सगळ्यांना सांगितलं. तिने त्याच रात्री कॉलेजचा टी-शर्ट मागवला.

पत्रात खाली एक ओळ होती. आर्थिक साहाय्याचा निर्णय स्वतंत्रपणे कळवला जाईल.

त्या ओळीनंतरचे पाच आठवडे. पोर्टलमध्ये ‘फायनान्शियल एड’ नावाचा एक चौकोन होता आणि त्यात ‘प्रलंबित’ एवढंच लिहिलेलं असायचं. मी सकाळी चहा टाकायच्या आधी बघायचे. कामावर बघायचे. पेशंटचा क्लेम अडकलाय म्हणून इन्शुरन्स कंपनीशी बोलताना, होल्डवरचं संगीत चालू असताना, बघायचे. गंमत म्हणजे माझं कामच हे आहे. लोक मला फोन करून विचारतात, कंपनी किती देणार आणि आम्हाला किती पडणार? आणि मी त्यांना सांगते, प्रोसेसमध्ये आहे. आता कुणाला ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

नवऱ्याला फेब्रुवारीत काँट्रॅक्टवर काम मिळालं होतं. पगार आधीपेक्षा बराच कमी, सुट्ट्या नाहीत, हेल्थ इन्शुरन्स माझ्याकडून. तो बघायचा नाही. तो म्हणायचा, आलं की कळेल. पण एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर हा अंधारात किचनच्या टेबलाशी, आणि तोंडावर फोनचा उजेड. मी काही बोलले नाही. परत जाऊन झोपले.

लेक मात्र निश्चिंत होती. तिने रूममेट शोधली, वर्ग बघितले. एकदा म्हणाली, "आई, एड यायला एवढा वेळ का?" मी म्हटलं, "सरकारचा घोळ आहे गं, येईल." खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. तोपर्यंत मी गुपचूप तीन-चार प्रकारे हिशेब मांडून बघितला होता, आणि एकदाही तो जमला नव्हता.

कॉलेजने मुदत १५ मेपर्यंत वाढवली. बऱ्याच कॉलेजांनी तेव्हा वाढवली. पत्र आलं ३ मेला, शुक्रवारी दुपारी.

ते कसं होतं ते सांगते, कारण नवख्या माणसाला ते वाचता येत नाही. वर मोठ्या अक्षरात अभिनंदन, तुमचं एकूण ‘अवॉर्ड’ २६,००० डॉलर. लेकीने तेवढंच वाचलं आणि खूश झाली. खाली तीन ओळी. ग्रँट १८,०००. फेडरल लोन ५,५००, जे तिने फेडायचं. वर्क-स्टडी २,५००, जे तिने कॅम्पसवर काम करून मिळवायचं. कर्जाला अवॉर्ड म्हणायचं हे मला अजूनही पटत नाही. बँकेने आप्पांना कधी ‘अभिनंदन, तुम्हाला कर्जाचा पुरस्कार’ असं लिहिलं नसतं. आणि वर्षाचा पूर्ण खर्च किती, हे त्या पानावर नव्हतंच. तो दुसऱ्या पानावर, दुसऱ्या लिंकवर. ८६,०००. म्हणजे आमच्या वाट्याला ६०,०००. चार वर्षं, दरवर्षी थोडं वाढत. हे एकाच कॉलेजचं नाही बरं का. अमेरिकी काँग्रेससाठी तपासण्या करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०२२ साली अहवाल दिला, की सुमारे ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्चाचा आकडा पत्रात देतच नाहीत किंवा कमी दाखवतात.

मी आप्पांना फोनवर आकडा सांगितला. त्यांनी लगेच हिशेब केला, ८३ रुपयांचा भाव तेव्हा. "म्हणजे वर्षाला पन्नास लाख?" मग बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "अख्ख्या नोकरीत मी एवढे कमावले नसतील." आणि थोड्या वेळाने, "मळ्याकडचा तुकडा विकायचा का?" तेव्हा मी रडले. त्या तुकड्याची किंमत या मुलीच्या एका सेमिस्टरलाही पुरली नसती, आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी नुसतं, नको, बघतो आम्ही, म्हटलं. परत तेच वाक्य.

अपील केलं. त्याची सोय असते, आणि ज्यांची परिस्थिती बदलली आहे त्यांनी ते करावंच. कायद्याने एड ऑफिसला अधिकार आहे, की नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, तर जुन्या उत्पन्नाऐवजी नवं धरून आकडा बदलायचा. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. आम्ही नोकरी गेल्याचं पत्र, बेकारीभत्त्याची कागदपत्रं, नव्या कामाच्या पगाराच्या स्लिपा, सगळं जोडलं. पत्र नवऱ्याने लिहिलं. तीन दिवस लागले त्याला. आधीच्या मसुद्यात त्याने इतकी माफी मागितली होती की जणू नोकरी जाणं हा त्याचा गुन्हा होता. मी ते खोडलं. वाचून बघा तुमचीही पत्रं, आपण मराठी माणसं मदत मागताना फार वाकतो. नाहीतर मागतच नाही.

उत्तर यायला काही दिवस लागले. ग्रँटमध्ये ४,००० ची वाढ. फोन केला तर बाई अतिशय गोड बोलल्या. २०२३ मध्ये मिळालेलं सेव्हरन्स आणि घरातली इक्विटी धरता एवढंच करता येतं म्हणाल्या. मी विचारलं, तुमच्या वेबसाइटवर तर लिहिलंय की तुम्ही शंभर टक्के गरज भागवता. त्या म्हणाल्या, हो, आमच्या पद्धतीने काढलेली गरज. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की गरज आपली असली तरी ती किती हे ठरवणारे ते. कुणावर राग काढावा असं त्यात काही नव्हतं. राग यावा असं कुणी सापडलं असतं तर बरं झालं असतं.

१३ मे, सोमवारची रात्र. टेबलाशी तिघं बसलो. नवऱ्याने तोपर्यंत ठरवलं होतं, कर्ज काढायचं. पाचशे एकोणतीसच्या खात्यात होते ते चार वर्षांत वाटले तर वर्षाला १६,००० येत होते. उरलेले ४०,००० दरवर्षी पॅरेंट प्लसचं कर्ज. त्या वर्षीचा व्याजदर ९.०८ टक्के, शिवाय चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. चार वर्षांचे १,६०,०००. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला दोन हजारांच्या वर हप्ता. त्याचं वय तेव्हा एकावन्न, आणि काम काँट्रॅक्टवर. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मी तिला शब्द दिलाय." दोघांचे आवाज चढले. मराठीत भांडत होतो, म्हणजे तिला कळू नये असं नाही, तिला सगळं मराठी कळतं. सवयीने.

ती कागद बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "हे मला ऑक्टोबरमध्ये का नाही सांगितलंत?"

आम्ही गप्प.

"मेरिट स्कॉलरशिप देणाऱ्या कॉलेजांना मी अर्जच केले नाहीत. कौन्सेलरने यादी दिली होती. मी तिला म्हटलं, माय पॅरेंट्स सेड डोन्ट वरी अबाउट मनी."

मंडळी, मला एड कमी मिळाल्याचं दुःख आज तेवढं नाही. हे वाक्य मात्र जात नाही. कारण ती बरोबर होती. तिच्यासारख्या मार्कांच्या मुलांना चांगली मेरिट स्कॉलरशिप देणारी कॉलेजं होती, त्यांच्या मुदती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होत्या, आणि त्या वेळी तिच्या बापाची नोकरी गेलेली होती हे आम्हाला माहीत होतं. आम्ही तिला काळजीतून वाचवत होतो असं आम्हाला वाटत होतं. खरं तर आम्हाला आमची लाज वाटत होती. मुलांना आपल्या पगाराचा आकडा सांगायचा नाही, हे आपल्याकडे संस्कारासारखं असतं. मला आप्पांचा पगार ठाऊक होता, पण त्यांनी सांगितला म्हणून नाही. तहसीलदाराच्या दाखल्यावर छापलेला होता म्हणून.

तिने १४ तारखेला आमच्या राज्याच्या विद्यापीठाचं डिपॉझिट भरलं. आम्हाला विचारलं नाही. शेजारची मुलं गणिताला यायची तिच्याकडे, त्या पैशातून भरलं आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं, भाजी वाढ म्हणण्याच्या सुरात. राहण्या-जेवणासकट वर्षाला ३५,००० च्या आसपास. जमतंय. ओढाताण आहे, पण जमतंय. टी-शर्ट तिने द्यायच्या कपड्यांच्या पिशवीत टाकला होता, धाकट्याने काढून घेतला. तो त्यात झोपतो.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. लोक विचारतात, मग खूश आहे ना? प्राध्यापक आवडतात, मैत्रिणी झाल्यात. वर्ग फार मोठे आहेत अशी तक्रार करते. मागच्या हिवाळ्यात त्या दुसऱ्या कॉलेजला गेलेल्या मैत्रिणीचे फोटो बघताना तिला मी पाहिलं, आणि तिने मला बघितलेलं पाहिलं. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं म्हणणाऱ्यांना मी आता लांबून हात जोडते.

बरं, तुमचे प्रश्न. एक, नेट प्राइस कॅलक्युलेटर. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून तो वेबसाइटवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज करण्याच्या आधी, यादी बनवतानाच, मुलाला शेजारी बसवून भरा. आकडा अचूक नसतो, पण ८६ की ३५ एवढं कळतं. दोन, दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी सरकारी आकडा वाटला जायचा, ती सवलत नव्या सूत्रात गेली. तीन, पॅरेंट प्लसचं कर्ज पूर्वी खर्चाइतकं मिळायचं, आता १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा येते आहे. ‘बघू, लोन काढू’ हे धोरण असेल तर आत्ताच विचार करा. आणि एच-४ वर असलेल्या मुलांना फेडरल मदत मिळतच नाही. मूल इथे जन्मलेलं असेल तर आईवडील एच-१बी वर असले तरी अडचण नाही. यात खूप जणांचा गोंधळ होतो.

आमचा धाकटा आता ज्युनियर आहे. २०२७ ला कॉलेजला जाणार, म्हणजे हे चालू २०२५ चं उत्पन्नच त्याच्या फॉर्मवर जाणार. गेल्या महिन्यात आम्ही चौघं टेबलाशी बसलो. नवऱ्याने कागदावर लिहिलं, पगार, माझा पगार, घराचा हप्ता, खात्यात किती, ताईच्या फीला किती. पेन धरलेला त्याचा हात थोडा थांबत होता. धाकट्याने कागद उलटा फिरवून आपल्याकडे घेतला, वाचला आणि म्हणाला, "एवढंच? मला वाटलं आपण रिच आहोत."

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

चला, थांबते. सीएसएस प्रोफाइल भरताना घराची किंमत कोणती लिहायची, हा प्रश्न तिघींनी विचारलाय. त्यावर पुढच्या वेळी बोलू.